रामपुरी : पात्याची लांबी आणि कारागिराची कसोटी

मराठीत शस्त्रांची नावे अनेकदा आकारावरून पडली. बिचव्याचे नाव विंचवावरून आले. रामपुरी मात्र आपल्या गावाचे नाव घेऊन आला. उत्तर प्रदेशातील रामपूर हे १७७४ पासून १९४९ पर्यंत नवाबांचे संस्थान होते. रझा ग्रंथालयातील हस्तलिखिते आणि रामपूर-सहसवान घराण्याची गायकी ही त्याच गावची देणगी. तरीही आपल्याकडे ‘रामपुरी’ म्हटले की आठवतो तो खटक्याचा लांब चाकूच. ‘वक्त’ (१९६५) मधला राजकुमारचा चाकूवरील संवाद आणि पुढच्या कित्येक हिंदी चित्रपटांतील गुंड यांनी ही ओळख पक्की केली.

हा चाकू प्रथम पाहणाऱ्याची नजर लांबीवरच जाते. जुन्या रामपुरीचे पाते नऊ ते बारा इंचांचे. ते मिटून मुठीत बसवायचे म्हणजे मूठही तेवढीच लांब हवी. उघडल्यावर सगळा ऐवज दीड-दोन फुटांचा होतो. पण कारागिराचे खरे कसब पात्याच्या टोकाशी नसते, ते बुडाशी असते. मिटणाऱ्या चाकूचा सारा भार एका रिव्हेटवर आणि खटक्यावर पडतो. तिथे अवघा एक अंश ढिलाई राहिली तर नऊ इंची पात्याचे टोक सुमारे चार मिलिमीटर डुलते. साडेचार इंची पात्याचे दोनच. पाते जितके मोठे, तितकी जोडणीतली चूक उघडी पडते. मोठा रामपुरी म्हणूनच केवळ धाक दाखवण्याची वस्तू नव्हता. ती हाताची परीक्षाही होती.

कायद्याने मात्र लांबीच मोजली. १९६२च्या शस्त्र नियमांनी घरगुती किंवा शेतीच्या कामाची नसलेली, नऊ इंचांहून लांब पात्याची हत्यारे परवान्याखाली आणली. १९९०च्या दशकात उत्तर प्रदेश शासनाने साडेचार इंचांहून लांब पात्याचे रामपुरी बनवण्यावर बंदी घातली. त्यामागची गुन्हेगारीची चिंता खोटी नव्हती. परंतु ज्या वस्तूमुळे गावाचे नाव झाले, तीच घडवणे बंद झाले आणि कारागीर दुसऱ्या कामांकडे वळले.

असाच पेच स्पेनपुढेही होता. तिथला ‘नावाखा’ हाही मिटणारा मोठा चाकू, आणि एकोणिसाव्या शतकातील प्रवासवर्णनांनी त्याचीही भांडखोरांचे हत्यार अशीच ओळख जगाला करून दिली. तिथल्या आजच्या नियमांनुसार अकरा सेंटिमीटरहून, म्हणजे जवळजवळ साडेचार इंचांहून, लांब पात्याचा नावाखा सामान्य माणसाला बाळगता येत नाही. मात्र शोभेसाठी वा संग्रहासाठी तो स्वतःच्या घरात ठेवण्यास मुभा आहे, आणि देखरेखीखाली तो बनवता व विकताही येतो. नावाख्यासाठी प्रसिद्ध असलेल्या आल्बासेते शहरात हा धंदा टिकून आहे. २००४ पासून तिथे चाकूंचे संग्रहालयही आहे.

रामपुरात २०२३ मध्ये चौकात सुमारे वीस फुटी चाकू उभारण्यात आला. गावाने आपली ओळख पुन्हा स्वीकारली, ही चांगलीच गोष्ट. पण स्मारक एकदाच घडवावे लागते. त्यावर कारागिराची चूल रोज पेटत नाही. खिशातल्या चाकूवर बंदी ठेवून संग्रहातल्या चाकूला नोंदणीने वाट देता येते, हे स्पेनने दाखवले आहे. मोठे पाते घट्ट बसवणारे हात आहेत तोवरच त्या वाटेचा उपयोग.