नांगर धरणारा श्रावक

जैन म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे पेढीवरचा व्यापारी उभा राहतो. परंतु कोल्हापूर, सांगली व बेळगाव या भागांत पिढ्यान् पिढ्या शेती करणारा जैन समाज मोठा आहे. साहजिकच एक शंका विचारली जाते. नांगराच्या फाळाखाली असंख्य जीव मरतात. मग अहिंसेला परम धर्म मानणाऱ्याने शेती कशी करावी? या शंकेचे उत्तर समजले म्हणजे जैन धर्माचे मर्म समजते.

या धर्मात चोवीस तीर्थंकर मानले जातात. पहिले भगवान ऋषभदेव, तेविसावे पार्श्वनाथ व चोविसावे महावीर. परंपरेनुसार महावीरांचा जन्म इ. स. पूर्व ५९९ मध्ये झाला व इ. स. पूर्व ५२७ मध्ये आश्विन अमावास्येस पावापुरी येथे त्यांचे निर्वाण झाले. जगाचा कर्ता कोणी ईश्वर आहे, असे हा धर्म मानीत नाही. जीव आपल्याच कर्माने बांधला जातो व आपल्याच प्रयत्नाने सुटतो. सम्यक् दर्शन, सम्यक् ज्ञान व सम्यक् चारित्र्य हा त्याचा मार्ग होय.

अहिंसा, सत्य, अचौर्य, ब्रह्मचर्य व अपरिग्रह ही पाच व्रते मुनी पूर्णत्वाने पाळतात, ती महाव्रते. संसारी श्रावक तीच आपल्या शक्तीप्रमाणे पाळतो; ती अणुव्रते. हिंसेचेही चार प्रकार सांगितले आहेत. जाणूनबुजून केलेली ती संकल्पी, घरकामात घडणारी ती आरंभी, शेती-धंद्यात घडणारी ती उद्योगी व स्वसंरक्षणार्थ घडणारी ती विरोधी. पैकी संकल्पी हिंसा श्रावकाने सर्वस्वी सोडावी आणि बाकीची जपून, होईल तितकी कमी करावी, अशी आज्ञा आहे. शिवाय असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य व शिल्प ही सहा कर्मे स्वतः ऋषभदेवांनीच लोकांना शिकविली, असे पुराणे सांगतात. म्हणजे शेती ही तीर्थंकरांनी दिलेली विद्या ठरते!

हीच जपणूक रोजच्या आचारात दिसते. पाणी गाळून प्यावे, आणि गाळण्यातील सूक्ष्म जीव ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत सोडावेत. सूर्यास्तापूर्वी जेवावे, कंदमुळे वर्ज्य करावीत. भाद्रपदातील दशलक्षण पर्व संपल्यावर वर्षभराच्या चुकांची एकमेकांकडे क्षमा मागावी. बांधावरून वर्षानुवर्षे अबोला धरणाऱ्या भाऊबंदांनाही त्या दिवशी हात जोडण्याची संधी मिळते.

याच शेतकरी समाजाने थोर पुरुष दिले. भोज गावच्या पाटील घराण्यात १८७२ साली जन्मलेले सातगौडा पुढे आचार्य शांतिसागर महाराज झाले. दिगंबर मुनिपरंपरेस त्यांनी नवे तेज दिले व १९५५ साली कुंथलगिरी येथे सल्लेखना घेऊन देह ठेवला. कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली व सर्व जातींची गरीब मुले एका पंक्तीत जेवविली, शिकविली. एकाने सर्वस्वाचा त्याग केला, दुसऱ्याने ज्ञानदान केले.

आहार, औषध, ज्ञान व अभय अशी चार दाने जैन धर्माने सांगितली आहेत. मंदिराच्या कामास ज्यांनी सढळ हाताने मदत केली, त्यांनी एखाद्या गरजू मुलाची फी व एखाद्या आजाऱ्याचे औषध याच पुण्यात धरावे. मंदिराचा कळस लांबून दिसतो. त्या दानाचा कळस त्या घरात दिसेल.