पाटाचं दार

कॉलोराडोतली गोल्ड किंग ही सोन्याची खाण १९२३ सालीच बंद पडली. पण तिच्या पोटात आम्लधर्मी पाणी साठत राहिलं. ५ ऑगस्ट २०१५ रोजी केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याचं काम चालू असताना ते फुटलं. सुमारे ३० लाख गॅलन पिवळं पाणी अ‍ॅनिमस नदीतून सॅन वान नदीत उतरलं.

खाली न्यू मेक्सिकोत, शिपरॉकच्या नवाहो शेतकऱ्यांनी पाट बंदच ठेवायचा ठराव केला. माती जपली, पण अनेकांचा उभा मका वाळला. आणि त्यांच्या पूजाविधींत मक्याचेच परागकण लागतात!

ऑक्टोबरात खाणीखाली चुन्याने पाणी शुद्ध करणारं केंद्र सुरू झालं. आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणतो, चूक उगमाशीच पकडावी. नाहीतर किंमत भलताच मोजतो. इथे ती शेतकऱ्याने मोजली.