जुन्या शर्यती सायकलीवरील नवे हँडल व गिअर-खटके : वऱ्हाडच्या संदर्भात

अमरावतीहून मूर्तिजापूरमार्गे अकोल्यास जाणारा रस्ता सपाट आहे. येथील रूढ सायकल म्हणूनच बिनगिअरची, रॉड-ब्रेकची राहिली असावी. गिअरची निकड भासते ती चिखलदऱ्याच्या घाटात.

जुन्या शर्यती सायकलीचे गिअर-खटके फ्रेमच्या तिरप्या नळीवर असत. ऐन चढावर एक हात हँडलवरून काढावा लागे. १९९० मध्ये जपानच्या शिमानोने आणि १९९२ मध्ये इटलीच्या कॅम्पॅग्नोलोने खटका ब्रेकच्या दांडीतच बसविला.

जुन्या फ्रेमवर हा बदल करताना खरी अडचण मागच्या चाकाशी येते. १९८०च्या दशकातील अनेक फ्रेममध्ये तेथील अंतर १२६ मि.मी., तर नव्या चाकास १३० लागते. पोलादी फ्रेम जपून फाकविता येते. ॲल्युमिनियमची फ्रेम ते सोसत नाही. नव्या हँडलचा मध्यभाग बहुधा ३१.८ मि.मी. जाड असतो, जुनी पकड २६च्या आसपास. तेव्हा पकडही बदलणे आले.

नळीवरील खटक्यांच्या बैठकींवर तारेचे थांबे बसतात व ते काढताही येतात. या बैठकी कानशीने घासून टाकणे मात्र समर्थनीय नाही. सायकलीच्या काळाचा तो पुरावा आहे.