हरिपंतांचं जेवण

३० ऑगस्ट १७७३, सोमवार. भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. पुण्यात गणपती बसलेले, अनंत चतुर्दशी उद्यावर.

सकाळ : पाच-सहा तास बाकी

नारायणराव पेशवे पर्वतीला दर्शनाला गेले आहेत. वय अठरा. त्यांचे भाऊ, आधीचे पेशवे थोरले माधवराव आदल्या नोव्हेंबरात थेऊरला वारले, त्याला वर्षही झालेलं नाही. चुलते रघुनाथराव शनिवारवाड्यातच नजरकैदेत आहेत. गेलेला कर्ता पुरुष, गादीवर डोळा ठेवून बसलेला चुलता आणि मधे अडकलेला पोरसवदा वारस, अशी 'हॅम्लेट'ची मांडणी इथं आयतीच तयार आहे. फरक एवढाच की तिथं पडदा वर जातो तेव्हा खून होऊन गेलेला असतो. इथं अजून अवकाश आहे.

दुसरा प्रहर : तीनेक तास बाकी

सरदार रघुजी आंग्रे नारायणरावांच्या कानावर घालतात की गारद्यांचं, म्हणजे पगारी पहारेकऱ्यांचं, काही तरी शिजतंय, सावध राहा. नारायणराव ती गोष्ट हरिपंत फडक्यांना सांगतात आणि बंदोबस्त करायला सांगतात. हरिपंत हो म्हणतात. आणि जेवायला जातात.

सूडनाट्याचा प्राण दिरंगाईत असतो. हॅम्लेटला बापाच्या भुताकडून सगळं कळलेलं असतं, तरी तो खात्री करून घेतो, नाटक लावतो, वेड पांघरतो, स्वतःला शिव्या घालतो आणि हातची वेळ घालवतो. शेवटच्या अंकापर्यंत प्रेतांचा ढीग पडतो तो या उशिराच्या पोटी. पुण्यात उशीर खुनाच्या अलीकडे आहे, आणि त्यात कसलाही आत्मशोध नाही. पान वाढलेलं आहे, सणाचे दिवस आहेत, पगार थकल्याची गारद्यांची ओरड कोणाला नवी वाटली नसेल. जेवून आल्यावर बघू, असं कोणीही म्हणालं असतं. मला हे हॅम्लेटच्या स्वगतांपेक्षा जास्त भयंकर वाटतं.

हेच हरिपंत कर्जत तालुक्यात वेगळ्या कारणानं आठवले जातात. भीमेकाठच्या सिद्धटेकला, अष्टविनायकांतल्या उजव्या सोंडेच्या सिद्धिविनायकाच्या देवळात, सांगतात ते असं : हरिपंतांचं सेनापतिपद गेलं, तेव्हा त्यांनी इथं एकवीस दिवस, रोज एकवीस प्रदक्षिणा घातल्या आणि पद परत मिळवलं. प्रदक्षिणा म्हणजे अख्ख्या टेकडीला वळसा. एवढी चिकाटी असलेला हा माणूस त्या सोमवारी मात्र घाईत नव्हता.

मध्यान्ह : तास उरला आहे

जेवणं आटोपली. नारायणराव पडले आहेत. हॅम्लेटचा बापही रोजच्या सवयीनं दुपारी बागेत झोपलेला असतो. भाऊ येतो आणि कानात विष ओततो. त्या नाटकात कान हेच मर्मस्थान आहे. राजाच्या कानात विष, प्रजेच्या कानात सापाच्या दंशाची खोटी बातमी, पडद्याआड कान लावून बसलेला पोलोनियस. शनिवारवाड्यात कानात विष गेलं नाही, खरी खबर गेली. आणि ती कानातच राहिली.

एकच्या सुमारास

गारदी आत घुसतात. पुढे सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद युसूफ. आरडाओरडा थकलेल्या पगाराचा. आडवा येईल तो कापला जातो, एक गायही. नारायणराव धावत चुलत्याच्या दालनात शिरतात. रघुनाथराव पूजेत आहेत. पुतण्या त्यांना मिठी मारतो.

'हॅम्लेट'मध्ये हाच प्रसंग उलटा आहे. तिथं प्रार्थनेला बसलेला चुलता पाठमोरा सापडतो, आणि याला आत्ता मारलं तर स्वर्गात जाईल म्हणून पुतण्या तलवार म्यान करतो. प्रार्थनेनं तिथं खुन्याला वाचवलं. पुण्यातल्या पूजेनं कोणालाच वाचवलं नाही. तुळाजी पवारानं नारायणरावांना ओढलं, चापाजी टिळेकर अंगावर पडून झाकायला गेला. नारायणराव आणि चापाजी दोघेही गेले. साधारण अर्ध्या तासात अकरा माणसं मेली.

त्यानंतर

रघुनाथरावांच्या हुकमातल्या 'धरावे'चं 'मारावे' त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी केलं, ही दंतकथा सगळ्यांना पाठ आहे. जहाजावर हॅम्लेटही पत्र बदलतो आणि दोन जुन्या मित्रांना मरणाच्या दारी पाठवतो. पण पुण्याची कथा मला फार सोयीची वाटते. सगळं पाप एका बाईच्या लेखणीवर ढकलता येतं. हॅम्लेटचाही अर्धा संताप आईवरच निघतो.

भुतांचं मात्र जमत नाही. डेन्मार्कचं भूत सूड मागतं. शनिवारवाड्याचं, लोक म्हणतात त्याप्रमाणे, अजून काकांनाच 'मला वाचवा' म्हणतं.

सूड झाला तो कागदावर आणि कचेरीत. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी चौकशी करून रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. रघुनाथरावांविरुद्ध एकवटलेल्या बारभाईंनी नारायणरावांच्या गरोदर पत्नी गंगाबाईंना पुरंदरावर सांभाळलं. हरिपंत फौज घेऊन रघुनाथरावांच्या मागे गुजरातपर्यंत गेले. १७७४ च्या एप्रिलमध्ये सवाई माधवराव जन्मले, आणि सूड घेण्याच्या वयाचे होईपर्यंत त्यांना कारभारी नाना फडणवीसांनी मुठीत ठेवलं. रघुनाथराव १७८३ मध्ये कोपरगावला अंथरुणात मेले. हरिपंतांनी १७९४ च्या जूनमध्ये सिद्धटेकलाच देह ठेवला.

मार्च १७९५ मध्ये कर्जतशेजारच्या जामखेड तालुक्यात, खर्ड्याला, मराठ्यांना निजामावर मोठा विजय मिळाला. सात महिन्यांनी, २५ ऑक्टोबरला, एकवीस वर्षांचे सवाई माधवराव वाड्याच्या वरच्या मजल्यावरून कारंजावर पडले. दोन दिवसांनी गेले. हरिपंतांचा मुलगा बाबा फडके, त्याच्या कुशीत त्यांनी प्राण सोडला, अशी इतिहासकार ग्रँट डफची नोंद आहे.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी या मरणावर नाटक लिहिताना माधवरावांत हॅम्लेट ओतला, आणि शेजारी केशवशास्त्री म्हणून 'ऑथेल्लो'तला खलनायक इयागो आणून उभा केला. आणावाच लागला असणार. या हॅम्लेटचा चुलता क्लॉडियस, म्हणजे रघुनाथराव, बारा वर्षांपूर्वीच संपला होता. डेन्मार्कची गादी शेवटी परक्या फोर्टिनब्रासला मिळते. पुण्याची मिळाली रघुनाथरावांच्या मुलाला, दुसऱ्या बाजीरावाला.