घरफोड्या

वर्तमानपत्रात 'घरफोडी' वाचले की मला भिंत दिसते. बातमीत मात्र भिंत नसते. 'कडीकोयंडा तोडून' किंवा 'बनावट चावीने' दागिने गेलेले असतात. हा शब्द मातीच्या भिंतींच्या काळातला असावा, असे मला वाटते. दाराला आतून जाड अडसर. त्यापेक्षा चोराला भिंत सोपी.

संस्कृतात हे काम संधिच्छेद. हिंदीतली 'सेंध' या संधीतूनच आली. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात अशा चोराचे हात तोडून त्याला सुळावर द्यावे, असे सांगितले आहे. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त हीच विद्या शास्त्राच्या थाटात येते. तिसऱ्या अंकात शर्विलक चारुदत्ताचे घर फोडतो. भाजलेल्या विटा ओढून काढाव्यात, कच्च्या कापाव्यात, मातीची भिंत भिजवावी, लाकूड चिरावे, हे त्याला तोंडपाठ. भोकही कमळ, चंद्रकोर, पूर्णकुंभ अशा आकारांचे. पक्क्या विटांसाठी तो पूर्णकुंभ निवडतो. मापाची दोरी विसरली, म्हणून मोजायला जानवे! कारण शर्विलक ब्राह्मण आहे.

1860च्या दंड संहितेने घरफोडीचे सहा मार्ग सांगितले. कलम 445मधले पहिले उदाहरण भिंतीला भोक पाडण्याचेच आहे. पुढे तारेने उचललेली कडी आणि सापडलेली किल्लीही येते. भिंत शाबूत असूनही घर 'फुटते', ते या व्याख्येमुळे.

मराठीत या शब्दाचा दुसरा अर्थही तितकाच चालतो. भावाभावांत चूल वेगळी करायला लावणाराही घरफोड्याच. दागिने पुन्हा करता येतात, म्हणून बायका या दुसऱ्यालाच जास्त शिव्या देत असाव्यात.

मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. घरफोड्या हे कृत्याचे नाव राहिले, कुणाची जात झाले नाही. 'उचल्या', 'भामटा' यांचे तसे नाही. ती नावे माणसांना जन्मानेच चिकटली. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवता येऊ लागल्या. तो 1952मध्ये रद्द झाला. लक्ष्मण गायकवाडांनी 1987मध्ये आपल्या आत्मकथनाला 'उचल्या' हेच नाव दिले. शर्विलकाने इतके पद्धतशीर घर फोडले, पण त्यावरून त्याच्या जातीची नोंद कुठल्या पोलीस ठाण्याच्या वहीत झाली नाही. उलट नाटकाच्या शेवटी चारुदत्ताला सोडवण्याची आज्ञा घेऊन तोच येतो.