उंदराची शेपटी आणि आपली धाकधूक

‘स्ट्रेस’ हा शब्द आपण दिवसातून किती वेळा वापरतो? रिलीजचा स्ट्रेस, हप्त्यांचा स्ट्रेस, घरी लग्नाचा विषय निघाला की त्याचा स्ट्रेस. इंजिनिअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात हाच शब्द वेगळ्या अर्थाने भेटतो. दांड्यावर पडणारा जोर म्हणजे स्ट्रेस, आणि त्या जोराने दांड्यात होणारा बदल म्हणजे स्ट्रेन. लोखंडाच्या दांड्यावरून हा शब्द आपल्या छातीतल्या धडधडीपर्यंत आला, आणि तो आला उंदरांच्या मार्गे.

1930च्या दशकात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात हान्स सेल्ये नावाचा तरुण संशोधक नवं संप्रेरक शोधत होता. अंडाशयाचा अर्क उंदरांना टोचायचा आणि शरीरात काय बदलतं ते पाहायचं, असं काम होतं. बदल दिसले. अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुजल्या, थायमस आक्रसली, जठर-आतड्यांत व्रण पडले. सेल्येंना वाटलं, सापडलं! पण दुसरे अर्क टोचले, फॉर्मॅलिन टोचलं, तरी तेच तीन बदल. मग थंडीत ठेवलेल्या, दमेपर्यंत पळवलेल्या उंदरांतही तेच. म्हणजे हे कुठल्या एका रसायनाचं काम नव्हतं. संकट कोणतंही असो, शरीराचं उत्तर एकच होतं. 1936 साली ‘नेचर’मध्ये त्यांचं छोटंसं पत्र छापून आलं. त्यात ‘स्ट्रेस’ हा शब्द नव्हता, तो त्यांनी पुढे रूढ केला. आणखी पुढे त्यांनीच सांगितलं, की तेव्हा आपलं इंग्रजी जरा बरं असतं तर आपण ‘स्ट्रेन’ म्हटलं असतं. आज जगभरचे लोक स्ट्रेनला स्ट्रेस म्हणतात ते यामुळे.

रॉबर्ट सापोल्स्की यांनी आपल्या पुस्तकात सेल्येंचा एक किस्सा रंगवून सांगितला आहे. सेल्ये म्हणे उंदीर हाताळण्यात फार अडाणी होते. इंजेक्शन देताना उंदीर हातातून सुटायचे, मग झाडू घेऊन खोलीभर पळापळ व्हायची. तसं असेल तर बिचाऱ्या उंदरांना व्रण सुईतल्या औषधाने पडले नव्हते, तर सुई धरणाऱ्या माणसामुळे. किस्सा किती खरा ते सोडा, पण लक्षात ठेवा.

सेल्येंची गोष्ट ग्रंथींची होती. ‘संकट आलं’ हे ठरवतं कोण, हा प्रश्न मेंदूचा होता. इथे एक भाषिक अडचण सांगून टाकतो. इंग्रजीत रॅट आणि माउस हे दोन वेगळे प्राणी आहेत, मराठीत दोघेही उंदीरच. सुरुवातीचं बरंच संशोधन मोठ्या रॅटवर झालं. जनुकांत बदल करणं माउसमध्ये सोपं झालं, तेव्हा छोटा उंदीर पुढे आला.

1980च्या दशकात जोसेफ लडू यांनी रॅटना एक आवाज ऐकवला आणि लगेच पायाला हलका विजेचा झटका दिला. काही वेळा असं झालं की नुसत्या आवाजाने रॅट जागच्या जागी थिजतो. लडूंनी विचारलं, कानातून निघालेला हा निरोप भीतीपर्यंत कुठल्या रस्त्याने जातो? मेंदूचा आवाज समजून घेणारा वरचा थर काढला, तरी रॅट घाबरायला शिकत होते. त्याआधीचा थॅलॅमसमधला थांबा निकामी केला, की शिकणं बंद. म्हणजे एक आडवाट होती, थॅलॅमसमधून थेट अमिग्डाला या बदामाएवढ्या भागाकडे जाणारी. आवाज नीट ‘कळण्याच्या’ आधीच शरीर सावध होऊ शकत होतं.

पण भीती आणि चिंता एक नव्हेत. साप समोर आहे ती भीती. गवतात साप असेल का, ही चिंता. ती मोजायची कशी? 1985 साली शॅरन पेलो, सँड्रा फाइल आणि सहकाऱ्यांनी एक साधी रचना तपासून पक्की केली. जमिनीपासून उंचावर अधिकच्या चिन्हासारखा चौरस्ता. दोन वाटांना भिंती, दोन उघड्या. उंदराला उघड्यावरची भीती असते आणि नव्या जागेचं कुतूहलही असतं. उघड्या वाटेवर तो किती वेळ घालवतो, हे त्याच्या चिंतेचं माप. डायझेपामसारखं चिंता कमी करणारं औषध दिलं, की तो उघड्यावर जास्त फिरतो. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत हा चौरस्ता असतो.

यातला भारतीय अध्याय बंगळूरचा. तिथल्या नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेसमध्ये सुमंत्र चटर्जी आणि सहकाऱ्यांनी रॅटना रोज दोन तास, असे दहा दिवस जखडून ठेवलं. 2002 साली त्यांनी दाखवलं, की हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी जोडलेल्या भागात पेशींच्या फांद्या झडल्या, पण अमिग्डालात त्या उलट वाढल्या. त्यानंतर 21 दिवस रॅटना आराम दिला. हिप्पोकॅम्पस सावरला. अमिग्डाला वाढलेलीच राहिली, आणि चौरस्त्यावरची धास्तीही. ताण गेला तरी धाकधूक का जात नाही, याचं एक उत्तर पेशींच्या आकारात दिसलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथे एखादी फाइल बदलल्यावर सिस्टिम पडली, तर दोष त्या फाइलचाच असेल असं नाही. ती ओळ चालू-बंद करून पाहावी लागते. मेंदूत असं चालू-बंद करणं अनेक वर्षं अशक्य होतं. भाग कापता यायचा, रसायन सोडता यायचं, पण एकच वायर निवडता यायची नाही. 2005 साली एड बॉयडन, कार्ल डायसेरॉथ आणि सहकाऱ्यांनी शेवाळातलं प्रकाशाला प्रतिसाद देणारं प्रथिन चेतापेशींत बसवलं. निळा प्रकाश टाकला की पेशी पेटते. या तंत्राला ऑप्टोजेनेटिक्स म्हणतात.

2011 साली के टाय, डायसेरॉथ आणि सहकाऱ्यांनी हे तंत्र माउसच्या चिंतेवर वापरलं. अमिग्डालाच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाणाऱ्या तंतूंच्या टोकांवरच प्रकाश टाकला. उंदीर निर्धास्त होऊन उघड्या वाटेवर फिरू लागला. प्रकाश बंद, पुन्हा भिंतीआड. तीच टोकं शांत केली तर चिंता वाढली. पण ज्या पेशींतून हे तंतू निघतात, त्या सगळ्या पेशींवर प्रकाश टाकला तेव्हा हा परिणाम मिळाला नाही. 2013 साली टाय यांच्याच गटाने दाखवलं, की याच भागातून हिप्पोकॅम्पसकडे जाणारी वाट पेटवली तर चिंता वाढते.

दादर स्टेशन डोळ्यासमोर आणा. ‘दादरला गर्दी आहे’ म्हटल्याने काहीच कळत नाही. कुठल्या प्लॅटफॉर्मवर, कुठे जाणाऱ्या गाडीला? अमिग्डाला म्हणजे ‘भीतीचं केंद्र’ हे वाक्य अजून रील्समध्ये फिरतं. ते खोटं नाही, फक्त दादरइतकं मोघम आहे.

मग वायर सापडली, आता औषध का नाही? इथे दोन गोष्टी आडव्या येतात. पहिली लडूंनीच मांडली. उंदराचं थिजणं आपण मोजतो, त्याला काय ‘वाटतं’ ते नाही. धोका ओळखणारी यंत्रणा वेगळी आणि भीतीची जाणीव वेगळी, असं ते आता म्हणतात. म्हणून अनेक शोधनिबंधांत ‘चिंता’ न लिहिता ‘चिंतेसारखं वर्तन’ असं लिहितात. हा शब्दांचा कीस नाही. गोळीने उंदीर उघड्यावर फिरला म्हणजे माणसाची रात्रीची घालमेल थांबेलच असं नाही.

दुसरी गोष्ट आपल्याला सेल्येंकडे नेते. 2010 साली लिव्हरपूल विद्यापीठाच्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी एक साधी तुलना केली. प्रयोगशाळेत उंदीर शेपटीला धरून उचलायची पद्धत होती. त्याऐवजी नळीतून किंवा ओंजळीत उचललं, तर उंदीर हाताजवळ आपणहून आले आणि चौरस्त्यावरची चिंता कमी दिसली. 2014 साली जेफ्री मोगिल यांच्या गटाने दाखवलं, की पुरुषाने घातलेला टी-शर्ट नुसता जवळ ठेवला तरी उंदरांचा ताण वाढतो, बाईच्या टी-शर्टने वाढत नाही. ही प्रयोगशाळा मॅकगिलमध्येच होती.

म्हणजे ज्या चिंतेला आपण उंदराचा स्वभाव समजून मोजत होतो, तिचा काही भाग मोजणाऱ्याच्या हातातून आला होता. उपाय लेझरचा नव्हता. ओंजळीचा होता.

उंदरावरून माणसाबद्दल बेताने बोलावं, हे लडूंनी शिकवलं. तरी एक प्रश्न उरतो. कोणी म्हणालं, ‘मला फार अ‍ॅन्झायटी आहे’, तर आपण लगेच त्याच्या मेंदूतली बिघडलेली वायर शोधू लागतो. ती असेलही. पण आधी हे बघायला काय हरकत आहे, की त्याला रोज शेपटीला धरून कोण उचलतंय?