गर्दीची घटका

गेल्या भाऊबीजेला माझे ओवाळणे अर्ध्यावर राहिले. धाकटी बहीण अमेरिकेत, न्यू जर्सीत असते, मी अंबडला. इकडे रात्रीचे नऊ वाजले होते, तिच्याकडे सकाळ होती. तिने तबकात निरांजन, सुपारी, अंगठी असे सगळे मांडले होते आणि इकडे मी टोपी घालून पाटावर बसलो होतो. समोर टेबलावर पडदा. तिने तबक उचलले, एका बाजूने दुसऱ्या बाजूला नेले, आणि ते तिथेच थांबले. ज्योत हलेना, हात हलेना, तोंड अर्धे उघडे. शेजारी नव्वदीला टेकलेली आमची आई बसली होती. तिने थोडा वेळ वाट पाहिली आणि मला हळूच विचारले, “काहून बोलंना रे ती? रागावली का?”

आईला दिसते कमी, ऐकू येते त्याहून कमी. महिन्यातून दोन-तीनदा लेकीचे तोंड दिसते तेवढ्यावर तिचा महिना निघतो. त्या रात्री तिची समजूत काढता काढता मला झोप लागली नाही. आणि चौतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाची खोड अशी, की दात दुखला तरी तो आधी दाताचा इतिहास पाहतो. संध्याकाळी आठ ते अकरा ह्या वेळात घरचे ब्रॉडबँड मुंगीच्या पावलाने का चालते, ह्याचा मी शोध घेऊ लागलो तो असा.

माझ्यापुरती ह्या इतिहासाची सुरुवात 1977 सालात होते. मोठे काका पुण्याला इस्पितळात होते. गावातून पुण्याला बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवायचा आणि बसून राहायचे. सकाळी दहाला नंबर लिहून दिला. तारा थोड्या, बोलणारे पुष्कळ. दुपारी चार वाजता वडिलांनी ‘ऑर्डिनरी’चा ‘अर्जंट’ करून घेतला. त्याच्याही वर ‘लाइटनिंग’ असे. पण तो दर सावकारांना आणि पुढाऱ्यांनाच परवडावा. दिवेलागणीला काकूंचा आवाज आला. तीन मिनिटे मिळाली. त्यांतले पहिले मिनिट “हॅलो, ऐकू येतंय का” ह्यात गेले. काका दुपारीच गेले होते. त्या दिवशी कोणी चुकले असे मला आजही वाटत नाही. तार एक आणि माणसे अनेक, एवढाच त्यातला गुन्हा.

ह्या गुन्ह्याचा पहिला खरा तपास केला तो डेन्मार्कच्या एका गणित्याने. आग्नर क्रारुप अर्लांग हे त्याचे नाव. 1908 साली तो कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरीला लागला. तारांमधून गळणारा विद्युत्प्रवाह मोजायला तो स्वतः रस्त्यावरच्या भुयारात उतरे, आणि मागून एक गडी खांद्यावर शिडी घेऊन चाले, असे त्याचे वर्णन आहे. पण त्याचे मोठे काम कागदावरचे. एखाद्या खेड्यातल्या लहानशा टेलिफोन केंद्रात इतके लोक, त्यांचे इतके बोलणे. मग तारा किती ठेवल्या म्हणजे किती जणांना थांबावे लागेल? माणूस केव्हा फोन उचलील हे ब्रह्मदेवाला सांगता येणार नाही, पण हजार माणसांचे मिळून सांगता येते, हे त्याने 1909 च्या निबंधात दाखवले आणि 1917 साली त्याची सूत्रे बसवून दिली. तो 1929 मध्ये वारला. 1946 पासून टेलिफोनची गर्दी जगभर त्याच्याच नावाच्या मापाने, ‘अर्लांग’ने, मोजतात.

त्याच्या शास्त्राचे मर्म असे, की सगळी व्यवस्था दिवसाच्या सर्वांत दाटीच्या एका तासासाठी आखावी लागते. उरलेले तेवीस तास तारा थोड्याफार रिकाम्याच असतात. तेव्हा दाटीच्या तासातही प्रत्येकाला लगेच तार मिळावी असे ठरवले तर खर्च आभाळाला भिडतो. आणि खर्च वाचवला तर काहींना थांबावे लागते. किती जणांना थांबवणे शोभून दिसेल, एवढाच प्रश्न उरतो. तो गणिताचा नव्हे, पैशाचा आणि भिडेचा प्रश्न आहे.

आपल्याकडे तो पैशाने सोडवला. एसटीडी, म्हणजे मधल्या बाईच्या मदतीवाचून दुसऱ्या गावाला फोन लावणे, 1960 साली कानपूर-लखनौ ह्या दोन शहरांत सुरू झाले आणि यथावकाश आमच्याकडेही आले. त्याबरोबर रात्रीचे सवलतीचे दर आले. नव्वदीच्या दशकातला तो पिवळ्या पाटीचा बूथ आमच्या वयाच्या कोणाला आठवत नाही? रात्री अकरा वाजले की पाव दर. धाकटी तेव्हा पुण्याला वसतिगृहात शिकत होती. अकराला पाच कमी असताना आम्ही चपला घालून निघत असू, आणि बूथवर पाहावे तो अर्धे गाव तिथेच! पाव दरासाठी सगळेच अकराला येत, आणि मग अकरालाच गर्दी होई. गर्दी मोडायला काढलेल्या उपायाने गर्दीची फक्त वेळ बदलली.

इथे एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. टेलिफोनची दाटी मुख्यतः पेढीची, कचेरीची असे. ती साधारण दुपारच्या आत यायची. ब्रॉडबँडची दाटी घरची आहे. जेवणे आटोपली, मुले अभ्यासाला किंवा अभ्यासाच्या नावाखाली बसली, कोणी क्रिकेट लावले, कोणी मालिका, की ती सुरू होते. बाजाराची गर्दी उंबरठा ओलांडून माजघरात आली, असे म्हणा ना.

दुसरा फरक अधिक खोल आहे, आणि तो मला पंगतीवरून उमगला. टेलिफोन ही पंगत होती. पाने मांडली तेवढेच बसणार. बाकीच्यांनी पडवीत थांबावे. पण जो बसला तो पोटभर जेवला. इंटरनेटची रीत निराळी. तिथे आल्या माणसाला परत लावत नाहीत. सगळ्यांना एकदम बसवतात आणि आहे त्या पुऱ्या सगळ्यांत वाटतात. वीस आले तर चार-चार, दोनशे आले तर चतकोर. म्हणून तिथे ‘लाइन व्यस्त आहे’ असे कोणी म्हणत नाही; फक्त सगळे जण एकदम उपाशी राहतात.

ह्या रीतीचा पहिला मोठा घोटाळा 1986 च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात झाला. बर्कली येथील प्रयोगशाळा आणि विद्यापीठ ह्यांच्यात अंतर सुमारे चारशे यार्ड. एरवी त्या जोडणीतून सेकंदाला 32 हजार बिट जात. ते एकदम 40 वर आले, म्हणजे आठशेवा हिस्सा. चालत जाऊन चिठ्ठी दिली असती तर लवकर पोचली असती. कारण असे निघाले, की वाटेत हरवलेला मजकूर प्रत्येक यंत्र पुन्हा पुन्हा पाठवीत होते, त्याने वाट आणखी तुंबत होती, आणि तुंबली म्हणून आणखी हरवत होते. व्हॅन जेकबसन ह्या शास्त्रज्ञाने 1988 मध्ये त्यावर तोड सुचवली. मजकूर हरवला असे दिसले की पाठवणाऱ्याने आपण होऊन हात आखडावा, आणि वाट मोकळी वाटली की हळूहळू वाढवावा. आज तुमच्या-माझ्या घरातल्या यंत्रांत त्याच जातीचा शहाणपणा भरलेला आहे. संध्याकाळी ब्रॉडबँड मंदावते तेव्हा ती यंत्रे एकमेकांना वाट देत असतात. माणसांच्या रांगेत इतकी सभ्यता मी तरी पाहिलेली नाही.

मग सिनेमा चालतो आणि भाऊबीज तेवढी अडते, हे काय? शेजारच्या घरात त्याच रात्री सिनेमा सुखाने चालला होता. गाण्यांचे आवाज आमच्या अंगणात येत होते. ह्याचेही उत्तर साधे आहे. सिनेमा पुढचा थोडा आधीच भरून ठेवता येतो, जसे नळ येतो तेव्हा आपण रांजण भरून ठेवतो. बोलणे भरून ठेवता येत नाही. बहिणीने तबक फिरवायच्या आधी ते माझ्याकडे कसे येणार?

रामायणाच्या वेळी हे असले काही नव्हते, असे आमचे एक स्नेही म्हणतात. 1987-88 मध्ये दर रविवारी सकाळी सारा देश एकाच वेळी दूरदर्शनपुढे बसे आणि कोणाचा राम अडत नसे. खरे आहे. पण मनोरा एकदा बोलतो आणि ज्याच्याकडे संच आहे तो ऐकतो. हजार ऐकोत की लाख, मनोऱ्याला भार नाही. आता प्रत्येक घराला त्याची त्याची वेगळी बैलगाडी भरून पाठवावी लागते. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हे उघड्यावर आले. एकीकडे तेच जुने रामायण दूरदर्शनवर पुन्हा सुरू झाले आणि कुठेही अडले नाही. दुसरीकडे मोठमोठ्या चित्रपट-कंपन्यांनी भारतात मोबाइलवरच्या चित्राचा दर्जा आपण होऊन उतरवला, कशासाठी, तर वाटा तुंबू नयेत म्हणून.

एवढे वाचून झाल्यावर मी वही घातली. आठ दिवस, दिवसातून पाच वेळा, वेग मोजला. माझी जोडणी 50 मेगाबिटची. पहाटे साडेपाचला 48, दुपारी 41, रात्री साडेनऊला 6, एकदा तर 4. प्रथम संशय घरावरच घेतला. आमचे घर जुने, माळवदाचे. भिंती दीड-दीड हात जाडीच्या, आणि यंत्र ठेवले होते कोनाड्यात, लोखंडी कपाटाच्या मागे. ते बाहेर काढून उंचावर ठेवले, तेव्हा आतल्या खोलीत बरीच सुधारणा झाली. पण यंत्राला थेट वायर जोडून मोजले तरी रात्रीचा आकडा 6 च. म्हणजे चोर घरातला नव्हता.

मग जोडणी देणाऱ्याकडे गेलो. माणूस माझा जुना विद्यार्थी निघाला, आणि खरे बोलला. “सर, गल्लीत अडचण नाही. काचेच्या एका धाग्यातून अडीच हजार मेगाबिट येतात, ते बत्तीस घरांत वाटले तरी प्रत्येकाला पुरतात. गावाबाहेर जाणारी वाट मी विकत घेतोय, ती अरुंद आहे. रात्रीपुरती रुंद घेतली तर पैसे दिवसभराचे द्यावे लागतात.” मला कोपनहेगनचा तो शिडीवाला आठवला. म्हटले, “मग पन्नास कशाला लिहितोस?” तो हसला. “सर, ‘पन्नासपर्यंत’ लिहिलंय.” ‘पर्यंत’ ह्या शब्दयोगी अव्ययाने इतिहासात पुष्कळ तहनामे बुडवले असतील, माझा एक बुडाला.

सरकारने ह्या ‘पर्यंत’ला कुंपण घालायचा प्रयत्न केला नाही असे नव्हे. 2004 च्या धोरणात सेकंदाला 256 किलोबिट म्हणजे ब्रॉडबँड अशी व्याख्या होती. 2013 मध्ये ती 512 झाली आणि 2023 मध्ये 2 मेगाबिट. म्हणजे माझा रात्रीचा 6 कायद्याने ब्रॉडबँडच! दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2006 साली असाही दंडक घातला, की दाटीच्या वेळी जोडणीचा भार 80 टक्क्यांच्या आत राहावा. आणि 2009 मध्ये सांगितले, की एकाची वाट घरगुती गिऱ्हाइकांत फार तर पन्नासांना वाटावी, धंदेवाल्यांत तिसांना. एकास पन्नास! वाचून प्रथम मला धक्का बसला. पण पन्नासही जण एकाच क्षणी तोंड उघडत नाहीत ह्या भरवशावर ते गणित उभे असते. रात्री नऊला तो भरवसा तुटतो.

आमच्या तालुक्याला हे नवे वाटण्याचे कारण नाही. जायकवाडीची कोनशिला 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी बसवली आणि 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. त्याचा डावा कालवा 208 किलोमीटरांचा, आमच्याच तालुक्यातून पुढे जाणारा. कालव्याच्या तोंडाशी ज्याचे शेत त्याचा ऊस, आणि टेलवरच्या शेतकऱ्याच्या नशिबी वाट पाहणे, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. त्याहून जुनी आणि शहाणी तऱ्हा खानदेशात पांझरेकाठी होती. तिथे फड पाडलेले असत, आणि पाळीपाळीने कोणाच्या शेताला केव्हा पाणी हे पाटकरी पाही. मी विद्यार्थ्याला म्हटले, “तूही पाळ्या लाव.” तो म्हणाला, “सर, रात्री नऊची पाळी सोडायला कोण तयार होईल?” मला उत्तर सुचले नाही. आमच्याच घरात सून तेव्हा मालिका पाहते.

तेव्हा पाळी आपणच बदलायची असे ठरले. सुनेने मालिका दुपारीच उतरवून घ्यायला सुरुवात केली, नातवाने आपल्या खेळाची मोठी ओझी पहाटेवर टाकली. आणि ह्या वर्षी राखीपौर्णिमेला मी रंगीत तालीम घेतली. पहाटे साडेपाच वाजता. धाकटीकडे तेव्हा आदल्या तारखेचे रात्रीचे आठ. आईने हरकत घेतली: “तिच्याकडं पुनव लागली का?” पंचांग पाहायला निघालो, तेवढ्यात तिचे तिनेच ठरवून टाकले, “भाऊ जिथं, तिथली तिथी.”

गाव निजलेले होते. मत्स्योदरीच्या टेकडीमागे नुकते कुठे फटफटत होते. तबक पूर्ण फिरले, तीनही वेळा. मग एकाएकी धाकटीच्याच बाजूचे चित्र अंधुक झाले आणि आवाज तुटू लागला. तिने मागे वळून वरच्या मजल्याकडे तोंड करून इंग्रजीत काहीतरी खडसावले. भाचा खेळ खेळत होता. तिथली गर्दीची घटका सुरू झाली होती. दोन मिनिटांनी चित्र लख्ख झाले. आई पडद्याच्या अगदी जवळ सरकली होती.

“आता बोलती झाली,” ती म्हणाली. “तू नको मधी बोलू.”

भाऊबीजेला पहाटे पाचचा गजर लावला आहे. नातवालाही उठवणार आहे. अभ्यंगस्नानाला उठतो तसा उठेल.